चेहरा बारीक दाखवणारी लेन्स

चिखली,
१९ जानेवारी २०२५

चि. संघपाल यास,

जय भीम. इकडे थंडी जबर पडली आहे, पहाटे अंगणात पाय ठेववत नाही. तिकडे पुण्यात स्वेटर घालतोस की नुसताच मिरवतोस, ते कळव.

फोन हातात असताना बाबांना पत्राची हुक्की का आली, असं तू म्हणशील. फोनवर तू मला धड सापडत नाहीस. 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस आणि ठेवतोस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

आधी लेन्सबद्दल. लेका, काय चीज पाठवलीस! सारी जिंदगी स्टुडिओ चालवला, पण सगळी झूमवर. लग्नात स्टेजखाली उभं राहून झूम फिरवायचा आणि मोकळं व्हायचं. ही तुझी पन्नासची प्राइम लेन्स, हिला झूमच नाही. चेहरा मोठा हवा तर आपल्या पायांनी पुढे जा, लहान हवा तर मागे सरका. मागे सरकता सरकता मी हिंमतरावच्या चहाच्या टपरीपुढच्या बाकावरून उलथलो. तो म्हणतो, "भाऊराव, फोटो काढून राह्यले का कवायत करून राह्यले?" पण फोटो असा आला की गिऱ्हाइकाचा चहा उतू जाऊ देऊन बघत बसला. मिशीचा केस न् केस वेगळा, आणि मागचा सगळा बाजार विरघळलेला. अंधार पडायला लागला तरी ही लेन्स फ्लॅश मागत नाही. विहारातल्या मेणबत्त्या काढल्या तर मागच्या ज्योतींचे गोल गोल थेंब झाले. कापसाच्या गाड्या काढल्या, एसटीच्या खिडकीतल्या बाया काढल्या. मला दोन घास सुखाने जेवायची फुरसत नव्हती, इतका मी खूश होतो. हे खरंच लिहितो आहे.

आता शंका. बाबांची जुनी खोड म्हणशील, म्हण.

खोक्यावरची चिकटपट्टी दोनदा लावलेली दिसली, म्हणून आधी वाटलं की माल जुना आहे. नंबर जुळवला, काच उन्हात धरली, कोरी निघाली. मग वाटलं, पोरगा स्टुडिओचा गाळा विकायला लावणार, म्हणून आधी बापाला गोड करतोय. गाळा मी विकणार नाही, हे इथेच लिहून ठेवतो. नंतर वाटलं, पुण्यात एखादी मुलगी ठरवली असेल. तसं असेल तर लाजू नकोस, आम्हाला आनंदच आहे.

पण दर रविवारी तुझा फोन. "बाबा, लेन्स कशी आहे?" आणि लगेच, "आईचे काढले का?" माझ्या गुडघ्यांची चौकशी नाही, काही नाही, थेट आईचे फोटो. तेव्हा मला दिवाळी आठवली. तू आम्हा दोघांना संभाजीनगरला नेऊन सगळ्या तपासण्या करून आणल्या होत्यास. "दोघांचंही नॉर्मल आहे," असं म्हणालास, पण खाली मान घालून गाडीची चावी शोधत म्हणालास. बस्स, मी ठरवूनच टाकलं की माझं काहीतरी वाईट निघालंय, आणि मरायच्या आधी पोराने बापाची हौस पुरवली. रोज आरशात जीभ बघत होतो. तुझ्या आईला म्हटलं, "सिंधू, माह्यं काही खरं दिसत नाई." ती म्हणाली, "तुमचं सारं खरं हाये. गुमान जेवा."

तुझ्या हट्टापायी तिचे फोटो काढले. चुलीपाशी, दारात, पेपर वाचताना. एकही पसंत पडेना. सगळ्यांत गाल बसलेले, गळ्याची हाडं वर आलेली, बांगड्या कोपराकडे घसरलेल्या. मी तुला तक्रारच लिहिणार होतो, लेन्स झकास आहे पण चेहरा बारीक दाखवते, बदलून मिळते का बघ. तिलाही तसं म्हटलं. तर म्हणाली, "हो, लेन्सच तशी असन."

आणि मी ते मान्य केलं. एवढी वर्षं कॅमेरा धरणारा माणूस मी, आणि मी ते मान्य केलं.

शुक्रवारी स्टुडिओत मेहकरकडची एक बाई आली, मंजुश्री नावाची. सोबत तिची म्हातारी आई, वच्छलाबाई. आईला खुर्चीवर बसवून पदर नीट करून दिला आणि ती हळूच काउंटरपाशी येऊन मला म्हणाली, "काका, मायचा एक चांगला फोटो काढून ठेवा."

'काढून ठेवा.' आपल्या धंद्यात हे वाक्य आलं की फोटोवाला काही विचारत नाही. पासपोर्टला हवा की आधारला, असंही नाही. घरच्यांना डॉक्टरने काय सांगितलं असेल ते आपण समजून घ्यायचं, म्हातारीला दोन गमती सांगून हसवायचं आणि फोटो जरा मोठाच काढायचा, म्हणजे पुढे भिंतीवर लावायला आणि चौकातल्या बॅनरला पुरतो. मी हे मुकाट्याने किती जणांसाठी केलं असेल. त्या दिवशी वच्छलाबाईंना नीट बघत होतो आणि एकदम माझा हात थांबला. त्याच्या आदल्या रविवारी तू फोनवर हेच म्हणाला होतास. "बाबा, आईचा एक चांगला फोटो काढून ठेवा." मी 'हो हो' म्हणून तुला लेन्सच्या गमती सांगत बसलो होतो.

त्यांचा फोटो काढून दिला आणि दुकानाचं शटर ओढलं. हिंमतरावला टपरीवरून उठवून घरी आणलं, अंगणात तुझी आई बसते तिथेच बसवलं, तोच उजेड, तेवढंच अंतर. तो विचारत होता, "काऊन बे, माह्यं लगन लावतं काय?" फोटो बघितला. त्याचे गाल होते तसे गोल गरगरीत आले होते. लेन्समध्ये काही खोट नव्हती.

रात्री तिचे सगळे फोटो परत एकेक करून बघितले. काल सकाळी ती उन्हात हरभऱ्याची भाजी निवडत होती. मी समोर जाऊन बसलो.

"सिंधू, तुले काय झालं?"

"मले काय होते? भाजी निसून राह्यली."

"मले शक हाये."

"तुम्हाले कायचा शक नाई? पोरावर शक, कुरिअरवाल्यावर शक. माह्यावर एवढा उशिरा आला."

हे ती हसत म्हणाली रे. मग भाजी बाजूला ठेवली आणि सांगितलं. पोटात गाठ आहे, पसरली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. मी तुझ्यावर भडकलो, बापाला अंधारात ठेवतो म्हणजे काय! तर म्हणाली, "त्याले काही बोलू नका. मीच त्याले शपथ घातली होती. तुम्ही हातपाय गाळता, मंग मलेच तुमचं करा लागते."

पुढचं सांगितलं ते मात्र तुलाही माहीत असणार. तू तिला विचारलं होतंस, आई, तुला काय हवं ते सांग. तिने सोनं नाही मागितलं, कुठे फिरायला ने असं नाही म्हणाली. म्हणाली, "म्या म्हटलं, तुह्या बापाले झूम नसलेली चांगली लेन्स पाठव. जवळ यावंच लागते म्हणे तिच्यानं. साऱ्या तालुक्याच्या नवऱ्या पाह्यल्या त्यांनी, मले कव्हा पाह्यलं?"

ती उठली, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आली आणि म्हणाली, "काढा आता, काय तो चांगला." मी कॅमेरा डोळ्याला लावला, पण काही दिसेना. फोकस कधी कानावर, कधी भिंतीवर जात होता. माझ्याने तो फोटो निघाला नाही.

दोघांतलं एक गेलं की लोक जोडीचा फोटो घेऊन येतात ना आपल्याकडे, की यातून एवढ्या एकाला कापून द्या. एकाला कापलं तरी खांद्यावर दुसऱ्याचा हात उरतो, तो मी तासन् तास पुसत बसायचो. म्हणून काल मी कॅमेरा स्टुलावर ठेवला, टायमर लावला आणि तिच्या गालाला गाल लावून बसलो. भर अंगणात, या वयात, शेजारची गीताबाई भिंतीवरून बघत असताना. तुझी आई "अहो, काय करता" म्हणत होती आणि तेवढ्यात फोटो निघाला. दोघांच्या मध्ये कात्रीला जागा नाही. हाच चांगला फोटो, आणि दुसरा मी काढणार नाही.

फोनवर हे सांगायला गेलो असतो तर आवाज राहिला नसता, म्हणून लिहिलं. तुझ्यावर राग नाही. एवढे महिने एकट्याने कसं पोटात ठेवलंस रे? आता ये. रजा मिळत नाही असं सांगू नकोस, त्यावर माझा विश्वास बसणार नाही. ती आत आहे, मला हाक मारते आहे, मी जाऊन तिच्याजवळ बसतो.

ज्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं, तो तुझा बाप,
भाऊराव