पेला कुंडीत का गेला

५ जून
चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.
गोष्ट साधीच आहे, पण मनातून जात नाही. तू गेल्यावर खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायला गेलो, तर मातीवर दुधाचे पांढरे डाग वाळलेले. मी सकाळी भरून दिलेला पेला तिथं रिकामा झाला तर! गेल्या तिन्ही वेळा तू चार दिवसांसाठी म्हणून आलीस आणि दुसऱ्याच दिवशी बॅग भरलीस. दुधाचं दुकान बंद करून तुझ्याकडे राहायला यावं, असं मनात होतं. पण बापाच्या हातचं दूधही नको झालं असेल, तर कुठल्या तोंडानं येऊ? राग असेल तर सरळ लिही.
लोभ असावा, त्यात पाणी नसावं.
तुझा बाबा

१२ जून
ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.
राग कसला, बाबा? पोट! तुमचा पेला प्यायला की तासाभरात पोटाचा नगारा होतो, कळा येतात. आणि घरात संडास एकच, तोही तुमच्या खोलीला लागून. म्हणून पळ काढायचे; या वेळी तर निघायच्या सकाळचा पेला कुंडीत ओतला. परवा डॉक्टरांनी श्वास तपासायला म्हणून तीन तास थोड्या थोड्या वेळानं नळीत फुंकायला लावलं. म्हणाले, दुधातली साखर तुला पचत नाही. ती तशीच आतड्यात खाली उतरते, तिथल्या जिवाणूंची चंगळ होते आणि त्यांच्या मेजवानीचा वायू तुला भोगावा लागतो. जेवणाबरोबर दोन-दोन चमचे दूध घेत गेलीस, तर कदाचित ते जिवाणूही सरावतील. दूधवाल्याची लेक आणि दूध पचत नाही, हे मी तरी कुठल्या तोंडानं सांगणार होते? तुम्ही या. खोली झाडून ठेवली आहे.
माया आहेच, ती वाढावी.
तुमची ठकी

२० जून
चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून आधी हसलो, मग रडू आलं. तुझी आई होती तेव्हा रोज आपल्या दोघांना एकेक पेला द्यायची. तिची पाठ वळली की माझा मी तुझ्या पेल्यात रिकामा करायचो. माझ्याही पोटात तोच नगारा आहे, ठके. तीस वर्षं गिऱ्हाइकांना दुधाचे गुण सांगितले आणि स्वतः दुकानामागे कोरा चहा प्यायलो. बोभाटा झाला असता तर दुकान बसलं असतं. वाटायचं, माझ्या वाटचं लेकीच्या तरी अंगी लागेल. तू पोट धरून निजायचीस आणि मी म्हणायचो, अभ्यासाचा कंटाळा. चुकलं माझं.
शनिवारी येतो. दुकानाची किल्ली भाच्याला दिली. दोघांसाठी कोरा चहा टाक, आणि जेवताना माझ्याही वाटीत दोन चमचे दूध वाढ.
लोभ मात्र चमच्यानं मोजू नकोस.
तुझा बाबा