चार बोटे वर घेतलेली सीट

घाईबाई,

हे नाव मी घरात एकतीस वर्षे वापरले; कागदावर प्रथमच लिहीत आहे. माझे मृत्युपत्र वाचण्याचा पहिला हक्क तुझा होता. तू नेहमीप्रमाणे पुढे निघून गेलीस, म्हणून ते तुलाच उद्देशून करतो. वकीलबाईंची हरकत नाही; मजकूर निःसंदिग्ध असावा, एवढेच त्यांनी बजावले आहे.

मी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त नकाशा-तपासनीस, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, आणि हे लेखन मी स्वखुशीने करीत आहे. तुझ्या धाकट्या बहिणीने जे केले त्यास दबाव म्हणावे की काय, हे कलम चारमध्ये येईल. गेल्या ऑगस्टमधील मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे.

एक. राहते घर व बँकेतील ठेवी आपल्या मुलीस. घर ठेवावे की विकावे हे तिने ठरवावे आणि मनास लावून घेऊ नये. स्वयंपाकघराच्या खिडकीची खिटी मात्र आधी वर उचलावी, मग फिरवावी.

दोन. माझी मोजमापाची उपकरणे कार्यालयातील नव्या तपासनीस बाईंस. त्यांच्या आधीच्या साहेबांस काहीही देऊ नये. त्यांनी माझ्या नकाशातील एक टेकडी सुबकतेसाठी सपाट केली होती.

तीन. पान्हे, पंप व इतर सर्व हत्यारे सायकल दुरुस्त करणाऱ्या उस्तादांस. त्यांनी दुकानाची मागची खोली मला दोन महिने वापरू दिली, आणि चावी देताना एकही प्रश्न विचारला नाही.

चार. तुझी सायकल.

ती पोलादी, शर्यतीची, तुझ्या कॉलेजच्या दिवसांतली. दरवर्षी टेकड्यांमधून खडीच्या रस्त्याने जी फेरी निघते, तिला तुला धाकटीबरोबर जायचे होते. त्यासाठी रुंद टायर आणि चढाचे हलके गिअर हवे होते. मी नकार दिला. सायकलीचे सर्व भाग मूळचे आहेत, ते तसेच राहावेत, असे माझे म्हणणे होते. तू तशीच सरावाला गेलीस. बोटभर रुंदीचे टायर तीनदा पंक्चर झाले आणि तू अकरा किलोमीटर सायकल ढकलत परत आलीस. दारात म्हणालीस, "तुमच्या मूळ टायरांना माझा नमस्कार सांगा." त्यावर मी तुला ते टायर कोणत्या साली बनले हे सांगितले, याची येथे नोंद करतो. पुढच्या वर्षी तुझे आजारपण आले. फेरी राहिली.

रद्द केलेल्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की सायकल बैठकीच्या भिंतीवर टांगावी व तिच्या सीटची उंची कोणीही बदलू नये. त्यावर साक्षीदार म्हणून मी धाकटीला बोलावले. साक्षीदाराने फक्त सही होताना पाहावयाची असते. तिने पूर्ण कागद वाचला.

"भाऊजी, हे काय?"

"साक्षीदाराने मजकूर वाचण्याचे कारण नसते."

"ताई कधी भिंतीला टेकून तरी उभी राहिली का? मग तिची सायकल कशाला टांगताय?"

तिने पेनला टोपण लावले, चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि सही न करता गेली. नऊ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. दहाव्या दिवशी सायकल उस्तादांकडे नेली.

मूळ चाके काढून किंचित लहान चाके बसवली आहेत, त्यामुळे रुंद टायरला फ्रेममध्ये दोन्ही बाजूंस सहा मिलिमीटर जागा मिळते. ब्रेक लांब हातांचे घेतले. मागे बत्तीस दातांचे चक्र आहे. चढावर उतरावे लागू नये. मूळ भाग लेबले लावून पेटीत ठेवले. टायरांना तुझा नमस्कार सांगितला.

सीटची दांडी मात्र निघेना. तुझ्या उंचीवर ती फ्रेमला घट्ट धरून बसली होती.

"साहेब, कापू का?" उस्ताद म्हणाले.

"नको."

"मग तेल सोडा आणि वाट बघा. तुमच्यासारखा माणूस बघेल वाट."

सतरा दिवस तेल सोडले. अठराव्या दिवशी दांडी कुरकुरली आणि फिरली. मी स्टुलावर बसलो. उस्ताद न सांगता चहा आणायला गेले व बऱ्याच वेळाने आले.

धाकटी तुझ्याहून उंच. तिच्यासाठी सीट चार बोटे वर घेतली आहे. जेथे दांडी इतकी वर्षे फ्रेममध्ये शिरत होती, तेथे एक मंद काळसर कडे उमटले आहे. सीट तुझ्या उंचीवर होती तोवर ते दिसत नव्हते.

सायकल धाकटीस. अट एकच: ते कडे घासून काढू नये.

वकीलबाई म्हणाल्या की सायकल आजच देऊन टाकल्यास हे कलम निरर्थक ठरते. आजच देत आहे. तरीही कलम खोडू नये.

पाच. येत्या फेरीच्या दिवशी मी हयात असल्यास शेवटच्या चढावर पंप घेऊन उभा राहीन. नसल्यास पंप कलम तीनमधून वगळून धाकटीस द्यावा.

लिहून देणार: तुझा नवरा (सही)

साक्षीदार: १. दुकानासमोरचे चहावाले (सही, मजकूर वाचला नाही, असे त्यांनी आपणहून सांगितले) २. शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)

धाकटीस या लेखाचा लाभ होत असल्याने तिची साक्ष घेता आली नाही. ती बाहेर सायकलीवर बसून घंटी वाजवीत होती.

स्थळ: सायकलच्या दुकानाची मागील खोली. दिनांक ९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ.

सह्यांनंतर खोली झाडली. आत सायकल नव्हती. दाराला कुलूप लावून ओढून पाहिले, आणि चावी उस्तादांच्या हाती परत दिली.