कोकमच्या क्रेटची कडी

स्कोफिल्ड्स
शनिवार, २४ मे २०२५. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. हे लिहायला बसण्याआधी मी देवघरासमोर ओणवा होऊन फरशी हुंगत होतो.

प्रिय उर्वीताई,

सप्रेम नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. थंडी सुरू झाल्यापासून आईचा गुडघा कुरकुरतो. कालगुर्लीच्या खाणीवर तू नीट जेवतेस ना, असं ती मला विचारते. तुम्ही दोघी फोनवर बोलता, म्हणजे उत्तर तिला ठाऊक असतं, तरी विचारते. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस हे मी तिला सांगितलेलं नाही.

म्हणून हा कागद. मी अकरावीत असताना बाबा रोज संध्याकाळी सात वाजता अभ्यासासाठी माझ्या खोलीचं दार बाहेरून ओढून घ्यायचे आणि तू दाराखालून चिठ्ठ्या सरकवायचीस, तसंच समज. माझ्या चिठ्ठ्या तू लाल पेनाने तपासून परत पाठवायचीस. शाळा माझ्याकडून पुरी झाली नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ मात्र तेव्हापासून पक्के आहेत.

तीन मेला मी तुला जो मेसेज केला तो वाईट होता. ‘खाणीतल्या नोकरीच्या नावाने पळून गेलीस आणि तुझ्या कुत्र्याची घाण मला उपसायला ठेवलीस.’ असं मी लिहायला नको होतं. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन. आधी कोकमचं, कारण त्याला मुदत आहे.

गेल्या गुरुवारी त्याने बाबांचा ऑफिसचा काळा बूट खाल्ला. चावला नाही, खाल्ला. त्याआधी सोफ्याच्या दोन उशा आणि कपडे धुण्याच्या खोलीच्या, लाँड्रीच्या, दाराची चौकट झाली होती. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी हात धुतले, खुर्ची ओढली आणि मला समोर बसवलं.

“तीस जून,” ते म्हणाले. “तोपर्यंत घरात शू बंद झाली पाहिजे, आणि आपण चार तास बाहेर गेलो तर घर जसं ठेवलं तसं सापडलं पाहिजे. नाहीतर तो डब्बोजवळच्या फार्मवर जाईल. ऑफिसातल्या राजीवच्या ओळखीचा माणूस आहे. नो वरीज म्हणालाय, केव्हाही आणून सोडा.”

“बाबा, तो ताईचा कुत्रा आहे.”

“ताई कुठे आहे?”

मी बुटाचे तुकडे गोळा केले. पण ताई, काळजी करू नकोस. मला हे जमणार आहे. मी वही ठेवली आहे. कधी प्यायला, कधी खाल्लं, कधी झोपून उठला, कुठे केलं, सगळं वेळेसकट. एकवीस दिवसांत घरात तेवीस वेळा झालं. त्यातल्या सतरा वेळा एकाच जागी, देवघराच्या उंबऱ्यापाशी. उरलेल्या सहा वेळा चूक माझी होती, त्याला बाहेर न्यायला मला उशीर झाला. पण सतरा वेळा एकाच जागी का, ते कळेना. आई तीच जागा रोज दोनदा पुसते.

मग वहीत एक गोष्ट दिसली. आई मेलबर्नला लीनामावशीच्या मुलीच्या बाळंतपणाला गेली होती ते पाच दिवस फरशी मी पुसली. पाच दिवसांत त्या जागी एकदाही नाही. आई बुधवारी परत आली. गुरुवारी सकाळी, उंबऱ्यापाशी तळं.

म्हणून आज फरशी हुंगत होतो. तेवढ्यात आई अंघोळ करून आली.

“हे काय चाललंय, निन्या?”

“आई, तू इथे कशाने पुसतेस?”

“फिनाइलने. चांगलं घासून पुसते.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर काय? थोडं गोमूत्र शिंपडते. देवासमोर घाण करतो मेला, शुद्ध नको करायला?”

लीनामावशीने तिला कुठल्याशा डेअरीवरून बाटली भरून आणून दिली आहे. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, “आई, कुत्र्याला वासावरून कळतं, की इथे आधी कुणीतरी केलेलं आहे, म्हणजे ही करायची जागा. आणि तू रोज सकाळी तिथे...”

तिने बाटलीकडे पाहिलं. कोकमकडे पाहिलं. तो शेपूट हलवत होता.

“म्हणजे मीच त्याला रोज पाटी लावून देत होते? ‘इथे करा’ म्हणून?” आणि ती अशी हसायला लागली की तिला खुर्ची धरावी लागली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, “गाईला मात्र बोल लावायचा नाही हं.”

मी गाईला बोल लावलेला नाही. कुत्र्यांच्या डागांसाठी एक औषध मिळतं, ते वास मुळापासून काढतं. आज ते आणून तीन वेळा धुईन. उद्यापासून आई तांब्यातलं साधं पाणी शिंपडणार आणि तोंडाने जे म्हणायचं ते म्हणणार. देवाला चालेल, असं तीच म्हणाली.

फाडाफाडीसाठी तो सळयांचा पिंजरा, क्रेट, आहे. त्याची सवयही लावतो आहे. घाई न करता. त्याच्या तुटलेल्या दाताचं तुला कळवलंच आहे. परसातला दगड चावताना तुटला.

तुझा,
निनाद


स्कोफिल्ड्स
बुधवार, ११ जून २०२५. संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. तुझ्या पार्सलची पिशवी उलटी करून झटकत होतो, आत चिठ्ठी आहे का म्हणून.

प्रिय ताई,

चिठ्ठी नव्हती. पण टी-शर्ट मी ओळखला. निळा, खांद्यावर रंगाचा डाग असलेला. न धुता पाठवलास. तुला कळतं.

आधी चांगली बातमी. गेले बारा दिवस घरात एकदाही नाही. पहाटे उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पंधरा मिनिटांनी, खेळून झाल्यावर आणि मी हॅरिस पार्कला दुकानात जायच्या आधी, पट्टा लावून त्याच कोपऱ्यात, लिंबाच्या झाडामागे. त्याने केलं की तीन सेकंदांच्या आत पनीरचा तुकडा. घरात येऊन मग दिला तर त्याला वाटतं, घरात आल्याबद्दल मिळाला. पनीर दुकानाचे मालक मुरलीधरकाका देतात, कडेचे तुकडे. “माणसांना कुणी एवढं देत नाही रे,” म्हणतात आणि वर आणखी दोन टाकतात. माझी दुपारची सुट्टी त्यांनी लांबवून दिली आहे. मी ट्रेनने घरी येऊन कोकमला बाहेर काढतो आणि परत जातो.

आता क्रेट. मी नवा घेतला, मोठा. त्याचं दार काढून ठेवलं आणि त्याची जेवणाची थाळी पहिल्यांदा क्रेटपासून सहा फुटांवर ठेवली. रोज अर्धा फूट जवळ. बारा दिवसांनी थाळी आत, पण तो मान लांब करून खायचा, मागचे पाय बाहेर, पळायच्या तयारीत. तिथेच अडलं होतं. आज तुझा टी-शर्ट आत अंथरला. त्याने वास घेतला, आत गेला, तीनदा गोल फिरला आणि हनुवटी टी-शर्टवर ठेवून पडून राहिला. चारही पाय आत. मी लाँड्रीत बसून होतो आणि मला हुंदका आला. म्हणून आता हे लिहिणं भाग आहे.

नवा क्रेट का, ते दाताशी जोडलेलं आहे; दाताबद्दल तू काही विचारलं नाहीस. विचारायची संधीच मी दिली नाही.

परसात दगड नव्हता. दोन मेला, शुक्रवारी, तू जाऊन पाचच दिवस झाले होते. दुकानात माल उतरायचा होता आणि मला जास्तीची शिफ्ट मिळाली. आदल्या रात्री मी क्रेटवरचा एकच व्हिडिओ पाहिला, तोही अर्धा. आई-बाबाही दिवसभर बाहेर जाणार होते; सकाळी त्याला तुझ्या जुन्या क्रेटमध्ये ढकलला. पनीर नाही, सवय नाही, काही नाही. ढकलला आणि कडी लावली. तो रडत होता. मला वाटलं रडू द्यावं, सगळे तसंच सांगतात. रडणं वेगळं आणि घाबरून जीव तोडणं वेगळं, हे मला माहीत नव्हतं.

साडेनऊ तासांनी परत आलो. दाराच्या दोन सळया वाकल्या होत्या. त्याचं तोंड रक्ताने भरलं होतं. खालचा डावा सुळा मुळाशी तुटला होता. तो स्वतःच्या घाणीत बसला होता आणि मला बघून त्याने शेपूट हलवलं.

डॉक्टरने दात काढला. आई-बाबांना मी दगडाचं सांगितलं, मग तुलाही तेच. आणि मला वाटलं, तू फोन करशील, बारीकसारीक विचारशील, आणि मी पकडला जाईन. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आधीच भांडण काढलं. तो मेसेज रागाने लिहिलेला नव्हता, ताई. दोनदा वाचून, शुद्धलेखन तपासून पाठवला होता. तू ब्लॉक केलंस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

दाराच्या आत बसून राहणं काय असतं हे या घरात मला ठाऊक होतं. तरी मीच कडी लावली. 

तू त्याला डब्बोला पाठव म्हणालीस तर पाठवीन. पण माझं मत विचारशील तर, तो इथेच शिकेल. एकोणीस दिवस आहेत.

निनाद


स्कोफिल्ड्स
रविवार, २९ जून २०२५. दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. कोकमच्या क्रेटशेजारी जमिनीवर बसलो आहे. तो झोपला आहे.

प्रिय ताई,

मंगळवारी फोनमध्ये तुझा फोटो परत दिसू लागला, म्हणजे तू ब्लॉक काढलास. मी दहा मिनिटं बघत बसलो, पण मेसेज केला नाही. निकाल लागल्यावर, आणि कागदावरच लिहायचं ठरवलं.

आजचं जेवण कॅसल हिलला लीनामावशीकडे होतं. बाबा म्हणाले, “चार तास. आज बघू.” आदल्या आठवड्यात मी दार परत बसवलं होतं. आधी दार नुसतं लोटून पाच मिनिटं, मग कडी लावून दहा, मग मी परसात, मग मी कोपऱ्यावरच्या पार्कपर्यंत. दोन तासांपर्यंत पोचलो होतो. चार कधीच नाही.

सकाळी त्याला तासभर पळवला. बाहेर कोपऱ्यात नेऊन आणला. रबरी खेळण्यात दहीभात भरून रात्रभर गोठवला होता, बिनमिठाचा, तो आत ठेवला. वरून आईची जुनी चादर, तीन बाजूंनी. लाँड्रीच्या शेल्फवर माझा फोन रेकॉर्डिंगला लावला. कोकम आपणहून आत गेला. मी कडी लावली.

मग काढली. मग परत लावली. बाबा गाडीत हॉर्न वाजवत होते.

मी कडी काढली आणि दार नुसतं टेकवून गाडीत जाऊन बसलो.

मावशीच्या घरी काय जेवलो मला आठवत नाही. आई म्हणाली, “पुरणपोळी आहे निन्या, औषध नाही.” माझ्या डोळ्यांसमोर सोफा होता आणि बाबांचे नवे बूट, जे त्यांनी मुद्दाम दाराशी ठेवले होते. मला माहीत होतं की काही झालं तर तो उद्या डब्बोला जाईल, आणि माझ्यामुळे जाईल, दुसऱ्यांदा माझ्यामुळे. पण दोन मे पुन्हा करणं मला जमलं नसतं.

चार तास दहा मिनिटांनी परत आलो. आधी बाबा आत गेले. बूट जागेवर. सोफा जागेवर. देवघराचा उंबरा कोरडा. बाबांनी वाकून हात लावून पाहिला, मग लाँड्रीत आले.

“फोन दे,” म्हणाले. उभ्या उभ्या त्यांनी रेकॉर्डिंग पळवत पळवत पाहिलं. चाळीस मिनिटं दहीभात. मग झोप. दीड तासाने उठून त्याने नाकाने दार ढकललं, ते अर्धं उघडलं. बाबांनी तिथे थांबवलं.

“कडी नव्हती?”

“नव्हती.”

“विसरलास?”

“नाही.”

त्यांनी पुढे लावलं. कोकम बाहेर आला, पाणी प्यायला, लाँड्रीच्या दारापर्यंत जाऊन घरात डोकावला. मग वळला, आत गेला आणि तुझ्या टी-शर्टवर पडला. शेवटपर्यंत.

तेव्हा मी बाबांना दाताचं खरं सांगितलं. सगळं, साडेनऊ तासांसकट. आई दारात उभी होती, तिनेही ऐकलं. बाबा बराच वेळ क्रेटची कडी उघडझाप करत राहिले.

“अकरावीत तुझं दार मी बंद ठेवायचो,” ते म्हणाले.

मी क्रेटवरची चादर बाजूला केली. 

मग ते खाली वाकले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि कोकमला म्हणाले, “चला साहेब, झाडामागे जायची वेळ झाली.” पट्टा त्यांनी स्वतः लावला. परत आल्यावर मला विचारलं, “पनीर तीन सेकंदांत द्यायचं ना?” त्यांनी पाचव्या सेकंदाला दिलं होतं. मी सांगितलं नाही.

तर ताई, तो इथेच आहे. ऑक्टोबरमध्ये तुझं काम संपलं की ये. तो रोज तुझ्या खोलीच्या दारात बसून वाट बघतो. त्याचं तोंड उघडून दाखवीन. तुला बघावं लागेल आणि मला उभं राहावं लागेल.

हिशेब तू मागितला नाहीस, पण वहीत आहे तो उतरवतो.

दात काढण्याचे अकराशे चाळीस डॉलर, तीन पगारांत फिटले. नवा क्रेट एकशे नव्वद. डागाच्या औषधाच्या तीन बाटल्या, पंचाहत्तर. पनीर, मुरलीधरकाकांकडून फुकट.

बाबांचे काळे बूट, एकशे साठ. हे देणं होतं. मघाशी त्यांनी वही मागितली आणि ती ओळ स्वतः खोडली.

कोकमचा खालचा डावा सुळा. हे देणं राहील.

तुझा भाऊ,
निनाद