दिवाणावरची पितळी पाटी

८ जानेवारी २०१२, सकाळी
संकल्प : आज मोईजभाईंना स्पष्ट सांगणार. नांदुऱ्यात ‘नवरंग मॉडर्न फर्निचर कंपनी’ असा त्यांचा बोर्ड झळकतो. त्यातलं मॉडर्न कोणाच्या डोक्यातून येतं? माझ्या. कचरू रंधा मारतो, ती मजुरी झाली. यापुढे प्रत्येक वस्तूवर डिझायनर म्हणून माझं नाव. नाहीतर राजीनामा.

संध्याकाळी
सांगितलं नाही. मोईजभाईंचा मूड नव्हता. कापसाचा भाव पडलाय, लोकांनी माल घरातच भरून ठेवलाय. सोफे घेणार कोण?

११ जानेवारी
बोललो. म्हणाले, “वामनराव, कपाशीले भाव तर येऊ द्या, मग नावाचं पाहू.”
म्हणजे तत्त्वतः मान्य. शेगावला पितळी पाटी कोरायला टाकली : ‘डिझायनर – वामनराव’. पहिली तिथल्या तिथे परत केली, अक्षरं केसभर डावीकडे होती.

१६ जानेवारी
ऑर्डर! खेड्यावरचे जानराव. मुलीला पाहायला पाहुणे येणार, बैठकीत दिवाण पाहिजे. पाय दीड इंची ठेवले, खाली निमुळते, बाहेर झुकलेले. दिवाण तरंगतोय असंच वाटतं.
कचरू म्हणे, “वामनभाऊ, पाय जाड ठेवा. त्या घरात दिवानावर पाव्हने कमी, कापूस जास्त बसते.”
म्हटलं, हा दिवाण आहे बे, बैलबंडी नाही. डिझायनरची नजर लागते त्याला.

२१ जानेवारी
दिवाण गेला. मोईजभाई नमाजला गेले तेवढ्यात पाटी लावली. समोरच्या पट्टीवर, बरोबर मध्ये. चारही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत. हे आजकाल कोण पाहतं?

२९ जानेवारी, पहाटे
झोप नाही. आज जानरावांकडे पाहुणे. मुलाचे वडील ठेकेदार आहेत. पाटी वाचतील, चौकशी करतील. व्हिजिटिंग कार्ड छापायला हवीत.

संध्याकाळी
फोन नाही. भारावले असावेत.

३० जानेवारी
जानराव टेम्पो घेऊन आले. आत दिवाण. पाय वेगळे.
घर आढ्यापर्यंत कापसानं भरलेलं. दिवाणावरही कापूसच, वरून चादर, त्यावर पाच पाहुणे. दिवाण बसला, मागचा ढीग कोसळला. ठेकेदारांना उकरून काढावं लागलं. पाहुणे चहा न घेता गेले.
जानराव पाटीवर बोट आपटून ओरडले, “कोन हाय हा वामनराव?”
मी म्हणालो, ते शेगावले गेले.
तेवढ्यात आतून कचरू : “वामनभाऊ, चहा थंडा होऊन राह्यला!”

३१ जानेवारी
मोईजभाईंनी स्वतः बोलावलं. मान्य! आजपासून प्रत्येक वस्तूवर माझं नाव, खाली मोबाईल नंबर. काही मोडलं तर लोकांनी दुकानात यायचं नाही, थेट मला धरायचं.
मी नम्रपणे सांगितलं, डिझाइन कोणा एकट्याचं नसतं. कंपनीचं नाव पुरेसं आहे. आणि कचरूचं योगदान आपण सगळेच विसरतो.
दुपारपासून पाटी काढतोय. एकही स्क्रू हलत नाही. काम पक्कं आहे माझं.