थोडं हलकं करू का

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचे! सामानाचा ट्रक सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी लागला आणि पावणेदोनला रिकामा होऊन गेलासुद्धा. हेच सामान शहरात चढवायला सहा तास लागले होते, कारण तिथे हमाल होते आणि इथे शेजारी. न सांगता सात-आठ जण आले. मी ओरडत होतो की कपाटाची दारं आधी उतरवा, ती मी स्वतः बसवलेली आहेत. त्यांनी अख्खं कपाट पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं आत नेलं.

घर चांगलं आहे. तीन खोल्या, मागे पत्र्याची शेड, तिथे माझं वर्कशॉप. भिंती मोजल्या. विकणाऱ्याने सांगितल्यापेक्षा चार इंच कमी भरल्या. माणसाची खोड कुठे गेली तरी तीच. खिडकीतून कोबीचे वाफे आणि लांबवर नदीचा पट्टा दिसतो. हिला म्हटलं, बघ, एक हॉर्न ऐकू येत नाही. ही म्हणाली, हो ना, आता माझं रडणं तुम्हाला नीट ऐकू येईल. बायको कधी थट्टा करते आणि कधी नाही, हे अठ्ठावीस वर्षांत मला नेमकं कळलेलं नाही. बाकी सगळं नेमकं कळतं.

आमची चिंगी जाऊन दोन वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, एकोणिसाव्या वर्षी, नऊ दिवसांच्या तापात. त्या घरात स्वयंपाकघरात जायचं तर तिच्या बंद दारावरून जावं लागायचं. या घरात तसं दार नाही. म्हणून आलो. हवापाण्याचं कारण लोकांना सांगायला.

५ मार्च, बुधवार

शेड लावली. वजनकाटे दुरुस्त करणं हा माझा धंदा, एकतीस वर्षं. कोणाच्या हाताखाली राहिलो नाही. शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं, धड लिहिण्यासकट, आपलं आपण शिकलो. तळहातावर बटाटा ठेवा, दहा ग्रॅमच्या आत वजन सांगतो. इथल्या दुकानदाराने परीक्षा घेतली. खोटा त्याचा काटा निघाला, वीस ग्रॅमने.

शेजारच्या बाईला सगळे मावशी म्हणतात. साठीची, ठेंगणी, सतत काहीतरी उचलायला निघाल्यासारखी वाकलेली. फाटकाशी येऊन म्हणाली, थोडं हलकं करू का? मला वाटलं, हातातली पेटी मागतेय. पण इथे सगळेच असं विचारतात, आपण ‘काय, बरं आहे ना’ म्हणतो तसं. मी म्हटलं, माझं मी बघतो. ती हसली. घाई नाही म्हणाली.

८ मार्च, शनिवार

शेडचं दार खाली घासत होतं. मी बिजागरी काढायला बसलो तर सुतार दत्त म्हणून हजर. हलकं करू का? नको म्हटलं. मग तो म्हणाला की तुमच्यासारख्या जाणकाराने हातात रंधा कशाला धरायचा, खुर्चीत बसा आणि माझ्या चुका काढा. हे मात्र बरोबर होतं. म्हटलं, करा. दीड तास बसलो. चूक सापडली नाही, याचं थोडं वाईट वाटलं.

१० मार्च, सोमवार

विचित्र प्रकार. मोठ्या काट्याचा तळ उघडायचा होता. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि तो कुठल्या बाजूला फिरवायचा तेच आठवेना. विसरलो असं नव्हे. जिथे ते होतं तिथे हात घातला आणि जागा रिकामी. अर्धा तास एका स्क्रूकडे बघत होतो.

संध्याकाळी सुताराच्या दारावरून गेलो. तो बिजागरी बसवत होता. जिभेचं टोक तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात धरून, प्रत्येक स्क्रू आधी अर्धा आटा उलटा फिरवून, मग सुलटा. ही माझी पद्धत आहे. मी ती कोणाला दाखवलेली नाही.

हिला सांगितलं. म्हणाली, बरं झालं, आता माझ्या शिलाई मशीनला हात लावणार नाही तुम्ही.

१२ मार्च, बुधवार

ही दुपारभर रडली. चिंगीचा स्वेटर निघाला एका खोक्यातून. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. खरं लिहायचं तर दमलो होतो. दोन वर्षं ते एकच रडणं, शेवटी एक उचकी, मग पुन्हा पहिल्यापासून.

मावशी कुंपणापलीकडे होती. बाईंचं थोडं हलकं करू का, तिने विचारलं. मला वाटलं धुणंभांडी. छे, तेही खोटं. मला काय वाटलं ते मला माहीत आहे. म्हटलं, पण त्यांना विचारा. तर म्हणाली, “घरातल्यानं सांगितलं म्हणजे झालं.”

मी म्हटलं, करा.

१४ मार्च, शुक्रवार

ही सकाळी गुणगुणत उठली. पडदे लावले, माझ्या टकलावरून एक जुनी थट्टा केली. आलो ते बरं केलं, असं इथे लिहिणार होतो.

चार वाजता रडणं ऐकू आलं. तेच, उचकीसकट. धावत आत गेलो तर ही टेबलाशी मटार सोलत बसलेली, हसऱ्या चेहऱ्याने. रडणं थांबलं नव्हतं. ते शेजारून येत होतं. मावशी पायरीवर बसली होती, गुडघ्यांत डोकं, आणि हिच्या आवाजात, माझ्या बायकोच्या आवाजात, चिंगे, चिंगे म्हणत होती.

१५ मार्च

हिला स्वेटर दाखवला. चांगला विणलाय म्हणाली. स्वतः विणलेला. फोटो दाखवला. तिने हात पुसून तो नीट धरला, पाहुण्यांच्या घरी धरतात तसा.

“गोड आहे हो मुलगी. कोणाची?”

१६ मार्च

मावशीकडे गेलो. परत दे म्हटलं. तिने समजुतीने सांगितलं की उचललेलं परत ठेवायची इथे रीत नाही, आणि ठेवायचं कुठे, ती जागा आता बुजली. मी विचारलं, तुझी स्वतःची मुलं किती? बोटांवर मोजली तिने. एक नदीत गेला. एक गोठ्यात जळाला. दोघी जन्मतानाच. पाचवी चिंगी. पहिल्या चौघांच्या आया याच गल्लीत आहेत. त्यांतली एक दुकानदाराची बायको. किती हसतमुख म्हणून मीच हिला तिचं उदाहरण दिलं होतं.

मग तुझं असं काय, मावशी? मोजलेली बोटं तिने उलटसुलट करून पाहिली.

“माझं असं काही सापडत नाही बघा. केलं असेल कोणीतरी हलकं.”

१८ मार्च

सामान बांध म्हटलं तर ही बांधेना. इथे तिला झोप लागते. शहरात काय होतं आपलं, विचारते. काय सांगू? बंद दार होतं.

तुम्ही फार जड झालात हो, म्हणाली. प्रेमाने म्हणाली.

तिच्या वाटचं आता मलाच धरावं लागतं. तिला किती काय आठवायचं! तापातली बडबड, केसांच्या गाठी. ते मला अर्धंमुर्धंच माहीत. ती असताना मी वर्कशॉपमध्ये असायचो. आता मी विसरलो की चिंगी शेजारच्या पायरीवरच उरणार, परक्या बाईच्या पोटात.

१९ मार्च

मावशी फाटकाशी उभी आहे. सकाळपासून. काही विचारत नाही. ही तिला चहा नेऊन देते. दोघी कुंपणाशी हळू बोलतात. मी कोणालाही हो म्हणणार नाही. तोंडच उघडणार नाही.

एक कबूल करतो. दुपारी क्षणभर वाटलं की म्हणावं.

२० मार्च

हिने कपाळावरून हात फिरवला माझ्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, किती झिजता हो, बघवत नाही. मी सांगितलं मावशीला. तुमचंही.

काय सांगितलं? कधी?

मघाशीच, म्हणाली. चहा देताना.

फाटकाशी कोणी नाही आता —

२० मार्च, दुपार

लिहून ठेवतो. कागदावरचं कोणी उचलू शकणार नाही. भराभर.

जन्माचं वजन दोन किलो सातशे ऐंशी. दवाखान्याचा काटा तीस ग्रॅम जास्त दाखवत होता, मी माझा नेऊन पुन्हा केलं, नर्स हसल्या. डावखुरी. उजव्या भुवईत खूण, कशाची — टेबलाचा कोपरा. कोणाचं टेबल. दुधावरची साय — आवडायची की नाही —

शेजारी कोणीतरी रडतंय. पुरुषाचा आवाज आहे. ओळखीचा.

थांब. एक आहे अजून, ते कोणालाच सांगितलेलं नाही. आपलं आपण शिकलो असं मी जगाला सांगत आलो, या वहीतसुद्धा. खोटं आहे. मला आकडे यायचे, लिहिता येत नव्हतं. ती आठ वर्षांची होती. वर्कशॉपच्या फरशीवर बसून, माझा हात धरून, रोज संध्याकाळी. माझा हात केवढा, तिचा एवढासा. बाबा, दाबू नका, कागद फाटेल. अक्षर अन् अक्षर तिने गिरवून घेतलं. पहिलं तिचं नाव लिहायला शिकवलं. म्हणाली, बाबा, सोपं आहे, ते असं काढायचं —