मामीच्या बुडबुड्यांचा भाव

तीर्थस्वरूप मामांस,

कोरड्या जमिनीवरून साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत, तुमच्या जहाजाची तब्येत आणि तुमच्या हातचं जेवणाऱ्या खलाशांची तब्येत, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सुखरूप आहोत. मामी तर इतकी सुखरूप आहे की मला तिचा धाकच वाटायला लागलाय. तो का, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

तरणतलाव बंद झाल्याचं तुम्हाला कळलंच असेल. (तिथे आता मोटारी धुतात.) जन्मभर लोकांना पोहायला शिकवलेली बाई घरात गप्प बसून राहिली, की भांडीसुद्धा दबकून वाजतात. एक दिवस ती आपण होऊन म्हणाली, "अरे, पोहणं नाही, पण पाण्याची भीती घालवणं घरबसल्या शिकवता येईल, फोनवरून. तू फक्त फी ठरव." मी पडलो दुकानांच्या जाहिराती लिहिणारा. भाव ठरवणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असा माझा समज होता.

आधी मी वर्ग फुकट ठेवला. नावं इतकी आली की मामीने नवा चष्मा करून घेतला. वर्गाच्या दिवशी पडद्यावर हजर कोण, तर मामी, मी आणि कुणाचं तरी मांजर. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण खायला कुणी उठून येत नाही. मग नाममात्र फी लावली. त्यावर एका बाईंनी विचारलं, एवढ्या स्वस्तात नक्की किती भीती जाते? मग मी शहाणपणाचा कळस केला आणि तीन भाव ठेवले: साधा, मध्यम आणि खास. (खासमध्ये काय खास, हे मामीने विचारलं तेव्हा मला जोराचा खोकला आला.) यातली मेख अशी, की लोक दोन्ही टोकांना बिचकतात आणि मधला भाव धरतात. आमचे लोक तिन्हींना बिचकले.

शेवटी मामीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. म्हणाली, "घाबरलेल्या माणसाला स्वस्त नको असतं रे, त्याला कारण लागतं." तिने एकच फी ठेवली, चांगली सणसणीत, आणि खाली लिहिलं: ज्या दिवशी तोंड पाण्यात घालाल, त्या दिवशी अर्धी परत. मी कपाळाला हात लावला. म्हणजे शिकवणं जितकं चांगलं, तितका आपला गल्ला रिकामा!

पण मामा, काय सांगू तुम्हाला! वर्ग भरला, आणि शेवटच्या तासापर्यंत एकही माणूस गळला नाही. त्या दिवशी पडद्यावरच्या चौकटीचौकटीत माणसं, आणि प्रत्येकापुढे पाणी. कुणाचं बेसिन, कुणाची बादली, एका वकीलबाईंचं तर काचेचं शोभेचं भांडं. त्यात एक बस चालवणारे गृहस्थ होते. लहानपणी नदीत बुडता बुडता वाचलेले, तेव्हापासून अंघोळही मान वर धरून करणारे. मामी म्हणाली, "श्वास घ्या. घाई नाही. मी इथेच आहे." एकेक चेहरा खाली गेला आणि पडद्यावर उरले नुसते माथे: टकले, पिकलेले, रंगवलेले. फोनमधून बुडबुड्यांचा असा काही आवाज आला, की मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

बसवाले मात्र बादलीकडे बघत तसेच. मामीने त्यांना हाक मारली नाही, धीर दिला नाही. ती नुसती थांबली. एखाद्यासाठी असं थांबता येतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बाकीचेही ओल्या तोंडांनी थांबले. आणि मग ते गेले खाली! वर आले तेव्हा नाकातोंडातून पाणी गळतंय, डोळे विस्फारलेले, आणि ओरडले काय, तर "आत काहीच नाहीये हो!"

मामी चष्मा पुसत होती.

अर्धी फी सगळ्यांना परत गेली, आणि त्या सगळ्यांनी आपापले भित्रे नातेवाईक आमच्याकडे पाठवले. पुढचा वर्ग जाहिरातीशिवाय भरला. जाहिरातवाला असून हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय, यावरून ओळखा.

धाकट्या माणसाचं चुकलंमाकलं पोटात घालावं.

तुमचा भाचा

ता. क. त्या वर्गात एक जागा मामीने अडवून ठेवली आहे. उभा जन्म समुद्रावर काढून ज्यांनी घोट्याच्या वर समुद्र लागू दिला नाही, त्यांच्यासाठी. (खलाशांना हे ठाऊक नसेल तर पत्र लगेच फाडून टाका.)

आणखी ता. क. नवरा म्हणून सवलत नाही, मी विचारून पाहिलं. अर्धी फी मात्र परत मिळेल. ती मामी बँकेतून पाठवणार नाही म्हणते, हातातच देणार आहे. घ्यायला घरी यावं लागेल.