मऊ खुर्चीत बसलेले मालक

तीर्थरूप मामांना धाकट्या भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आई मागे उभी राहून पत्रात डोकावते आहे आणि “आधी तब्येत विचार, मग स्वतःची टिमकी वाजव” असं बजावते आहे. तर तब्येत विचारते. तुमचा रक्तदाब कसा आहे? मामीचा गुडघा काय म्हणतो? कामगारांवर ओरडू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते ऐकलंत की डॉक्टरांवरच ओरडलात? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. मी तर इतकी ठणठणीत आहे की आता टिमकीला हात घातल्याशिवाय राहवत नाही.

मामा, मी जिंकले! मागे जेवताना तुम्ही सगळ्यांदेखत विचारलं होतंत, की तू त्या कारागिरीच्या शाळेत शिकवत नाहीस, हातोडा धरत नाहीस, मग दिवसभर करतेस तरी काय? तेव्हा तोंडात घास होता म्हणून वाचलात. आता ऐका. माझ्या दारावर ‘विद्यार्थी साहाय्य व रोजगार मार्गदर्शन कक्ष’ अशी पाटी आहे (पाटी दारापेक्षा रुंद आहे) आणि मी त्या कक्षाची प्रमुख आहे. माझ्या हाताखाली एक कपाट आहे. नळजोडणीच्या वर्गातल्या कोणाचा बसचा पास हरवला, शिवणाच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणींचं बोलणं बंद झालं, वायरिंग शिकणाऱ्याला चष्मा लागला पण घरी सांगायची भीती वाटते, की सगळी वरात माझ्याकडे. आणि शिक्षण संपलं की त्यांना कामाला लावायचं, तेही मीच.

तर नवे प्राचार्य आले. त्यांना रंगाचे डबे ठेवायला जागा हवी होती, आणि रंगाचे डबे रडत नाहीत म्हणून त्यांना ते माझ्या मुलांपेक्षा जवळचे. त्यांनी मला बोलावून गोड आवाजात सांगितलं, की शेवटच्या वर्गातलं प्रत्येक पोर महिनाअखेरीपर्यंत कामाला लागलं तर कक्ष राहील, एकही राहिलं तर तुमची खोली कोठारात जाईल. मी कुठे जाईन ते त्यांनी सांगितलं नाही, पण बहुधा डब्यांच्या मागे. मला राग किती आला म्हणून सांगू! मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, की गावातल्या सगळ्या मालकांना एका दिवशी शाळेत बोलावते आणि मुलाखती घेववते. बोलून बसले आणि जिन्यात पाचावर धारण बसली. कारण आमची पोरं हातानं वाघ आहेत, पण मालकासमोर बसवलं की शेळी. एकाला “स्वतःबद्दल सांगा” म्हटलं, तर त्यानं काकांबद्दल सांगितलं.

मग मी तालमी सुरू केल्या. (इथून पुढे नीट वाचा मामा, सगळी गंमत फर्निचरमध्ये आहे.) माझ्या खोलीत एक गादीची खुर्ची आहे आणि एक लाकडी स्टूल. जगात मालक मऊ खुर्चीत बसतो आणि गरजू स्टुलावर, हे मला ठाऊक आहे. पण माझं म्हणणं असं, की जो घाबरलेला आहे त्याला निदान बूड टेकायला तरी मऊ असावं. म्हणून माझ्याकडे उमेदवार खुर्चीत आणि मालक स्टुलावर. पोरं आळीपाळीनं मालक व्हायची, एकमेकांना प्रश्न विचारायची. रोज, अगदी घोकंपट्टी. खुर्चीतल्यानं उत्तर द्यायचं, स्टुलावरच्यानं विचारायचं. झोपेत उठवलं असतं तरी चुकली नसती.

मुलाखतींच्या दिवशी मी सभागृहात टेबलं मांडली. हाताला सवय! प्रत्येक टेबलाच्या एका बाजूला मऊ खुर्ची, दुसऱ्या बाजूला स्टूल. आणि मी फाटकावर गेले, कारण प्राचार्यांना स्वागताला कोणीतरी छत्री धरायला हवं होतं. इकडे मालकमंडळी आत आली. मालकच ते, दुसरं कुठे बसणार? ऐसपैस खुर्च्यांत बसली. मागून पोरं आली, स्टुलांवर बसली, आणि समोर खुर्चीत बसलेला माणूस दिसताच त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली!

मी आणि प्राचार्य दारात पोचलो तेव्हा आमचा तो काकांवाला पोरगा फ्रिज दुरुस्तीच्या मोठ्या कारखानदाराला विचारत होता, की आधीचा माणूस तुमच्याकडून का गेला? कारखानदार चक्क घाम पुसत होते. पलीकडे बेकरीवाल्या बाईंना कोणीतरी त्यांचा सगळ्यात मोठा दोष विचारला होता आणि त्या प्रामाणिकपणे आठवत होत्या. लॉन्ड्रीचे म्हातारे मालक तर “स्वतःबद्दल थोडं सांगा” एवढ्यावरच गहिवरले. म्हणाले, मुलं परदेशी गेल्यापासून हे कोणी विचारलंच नाही. एक बांधकामवाले मात्र ताडकन उठून पाय आपटत निघून गेले. प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझं लक्ष एका नळजोडणीच्या मुलीकडे गेलं. ही पोरगी वर्षभर माझ्याशी बोलताना अडखळत आली आहे. ती पाठ ताठ करून, एकही शब्द न अडकता, सुट्टीचा नियम विचारत होती. मामा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी प्राचार्यांच्या पायावर पाय दिला. चुकून नाही. चांगला दाबून दिला, आणि म्हटलं, ही आमची नवी पद्धत आहे सर.

दुपारी खरी मजा झाली. फ्रिजवाले उठताना जरा चाचरत म्हणाले, “मग माझं काय ठरलं?” आणि आमचं पोरगं, तालमीत शिकवलं होतं तसं, गंभीरपणे म्हणालं, “कळवू.”

त्यानंतर शाळेचा फोन थांबेना! मालक स्वतः फोन करून विचारत होते, आमची निवड झाली का? बेकरीवाल्या बाईंनी तर आपला दोष आठवल्याचं कळवलं. लॉन्ड्रीवाल्यांना दोघं हवे होते, तिघं मिळाले. पाय आपटून गेलेले बांधकामवाले परत आले आणि निमूट खुर्चीत बसले. प्राचार्य आता भेटेल त्याला ‘आपली उलट मुलाखत पद्धत’ समजावून सांगतात. आयत्या बिळावर नागोबा! पण सांगू देत, नागोबाच्या पायाला अजून सूज आहे. रंगाचे डबे जिन्याखाली गेले. आता सांगा, मी दिवसभर काय करते?

मामीला नमस्कार. तुम्ही औषध वेळेवर घ्या.

तुमची,
प्रमुख भाची

ता. क. वर ‘जिंकले’ लिहिलं आहे ते जवळजवळ खरं आहे. एक राहिली आहे. वेल्डिंगची मुलगी, वर्गात तिला सगळे ठिणगी म्हणतात. शाळेत तिच्यासारखा सांधा कोणाचा नाही, पण तिनं सगळेच मालक नापास केले, कारण प्रत्येकानं तिला कौतुकानं हिशेबाच्या टेबलावर बसायला सांगितलं. महिना संपत आला आहे, आणि प्राचार्य जिन्याखाली जाऊन डबे मोजतात. तुमचं लोखंडी फाटकं बनवायचं वर्कशॉप आहे. ‘पोरीबाळींना आगीजवळ ठेवणार नाही’ हे तुमचं वाक्य मला पाठ आहे, ते ऐकवू नका. ती सोमवारी सकाळी तुमची मुलाखत घ्यायला येते आहे.

ता. क. २. खरं म्हणजे ही दुसरी फेरी आहे. मागच्या आठवड्यात निळ्या शर्टातली एक मुलगी फाटकाचा भाव विचारायला आली होती आणि भाव ऐकूनही बराच वेळ उभी राहिली, आठवतं? तीच. तिचं म्हणणं, शेडमध्ये हवा चांगली आहे, मुखवट्याची काच तडकलेली आहे, संडासाला आतून कडी नाही. मालक ओरडतो, पण गिऱ्हाईक सांध्यावरून भांडायला आलं तेव्हा कामगाराला पाठीशी घालून “चूक माझी” म्हणाला. एवढ्यावर तुम्ही पहिल्या फेरीत पास झालात.

ता. क. ३. काच तेवढी तुम्ही बदला. कडी मामीनं कालच बसवून घेतली. म्हणजे घरचं ठरलं आहे. तुमचं काय ते ठिणगी कळवेल.